विभागाचा ईमेल: सूचना कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते

परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी, पुनर्मूल्यांकनाचा निकाल हे सगळं आज विद्यार्थ्याला ईमेलवर कळतं. त्याच पत्त्यावर, त्याच विद्यापीठाच्या नावाने एका विभागाच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात येते, दुसऱ्याच्या सशुल्क कार्यशाळेची येते, तिसऱ्याच्या परिसंवादाची 'अंतिम मुदतवाढ' येते. थोड्याच दिवसांत विद्यार्थी विद्यापीठाचं नाव दिसलं की न उघडताच ईमेल काढून टाकायला लागतो आणि हॉल तिकिटाची सूचनाही त्यातच जाते. जाहिरात पाठवणाऱ्या विभागाला याचा पत्ताही नसतो. भोगावं लागतं विद्यार्थ्याला, आणि खिडकीवर 'आम्ही ईमेल पाठवला होता' असं सांगत बसावं लागतं परीक्षा विभागाला.

पूर्वी विभागाच्या नोटीस बोर्डाला काचेचं दार आणि कुलूप असायचं. कोणता कागद लागणार हे विभागप्रमुख ठरवायचे आणि किल्ली कार्यालयात असायची. ईमेलच्या यादीला असं कुलूप बहुतेक ठिकाणी नाही. ते कसं लावायचं, याबद्दल हा लेख आहे. विभागप्रमुख, अभ्यासक्रम समन्वयक, कुलसचिव कार्यालय आणि संगणक केंद्र या चौघांनाही त्यात करण्यासारखं काही आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. विभाग जाहिरात करतात ते हौसेने नाही. स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमाला किमान विद्यार्थी मिळाले नाहीत तर तो बंद पडतो आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं मानधन थांबतं. म्हणून 'जाहिरात करू नका' एवढं एका ओळीचं परिपत्रक काढून काहीच साधत नाही. विभाग मग खासगी जीमेल खात्यावरून तेच काम करतात, आणि त्यावर तर कोणाचंच लक्ष नसतं.

पहिली पायरी: हा ईमेल नेमका कोणाच्या गरजेचा आहे?

प्रत्येक सामूहिक ईमेल पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा: हा ईमेल विद्यार्थ्याने वाचला नाही तर नुकसान कोणाचं? विद्यार्थ्याचा हक्क, गुण, पैसे किंवा सुरक्षितता यांना धक्का लागणार असेल, तर ती सूचना. तिला संमती लागत नाही आणि तिच्यातून बाहेर पडण्याची सोयही द्यायची नसते. विभागाच्या जागा रिकाम्या राहणार असतील, तर ती जाहिरात. कोर्स कितीही चांगला असला, शुल्क कितीही कमी असलं आणि हेतू कितीही शैक्षणिक असला तरी ती जाहिरातच.

खरी ओढाताण मधल्या ईमेलांची होते. विभागात पाहुण्या प्राध्यापकांचं विनामूल्य व्याख्यान आहे आणि ते आपल्याच चालू विद्यार्थ्यांना कळवायचं आहे, तर ती सूचना मानायला हरकत नाही. तेच व्याख्यान सगळ्या संलग्न महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना कळवायचं झालं की ती जाहिरात होते. माजी विद्यार्थी मेळाव्याचं निमंत्रण आणि त्याखाली देणगीचं आवाहन असेल, तर तो ईमेल देणगीचा मानावा. ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांचं कार्यालय संस्थेच्या ध्येयांचा प्रचार आणि निधीसंकलन यांनाही थेट विपणनच मानतं, आणि माझ्या मते ते योग्य आहे. कार्यशाळेचा प्रायोजक म्हणून आलेल्या खासगी क्लासचं पत्रक विभागाच्या ईमेलला जोडणं मात्र कोणत्याही सबबीखाली चालू नये.

सर्वात वाईट प्रकार मिश्र ईमेलचा. वर प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक, खाली नव्या कोर्सचं पोस्टर. यात विद्यार्थ्याला 'नको' म्हणायची वाटच उरत नाही, कारण वेळापत्रक तर त्याला हवंच आहे. धोरणात एक वाक्य असावं: सूचनेच्या ईमेलमध्ये जाहिरात जोडू नये.

दुसरी पायरी: यादी आली कुठून?

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढचं काहीही नीट होत नाही. विभागातल्या सगळ्या याद्या एकत्र करा. कार्यालयातल्या संगणकावरची एक्सेल फाइल, समन्वयकांच्या वैयक्तिक खात्यातली संपर्क यादी, जुन्या गुगल फॉर्मचे प्रतिसाद, मेळाव्याच्या रजिस्टरवरून टाइप केलेले पत्ते. प्रत्येक यादीपुढे तीन गोष्टी लिहा: पत्ते कधी घेतले, तेव्हा लोकांना काय कारण सांगितलं होतं, आणि आज यादी कोणाकोणाकडे आहे.

मग वर्गवारी सोपी होते. प्रवेश अर्जातून किंवा परीक्षा अर्जातून आलेले पत्ते प्रवेश आणि परीक्षेसाठीच वापरायचे. कार्यशाळेच्या नोंदणीतून आलेले पत्ते त्या कार्यशाळेच्या कामापुरते, म्हणजे प्रमाणपत्र पाठवून होईपर्यंत. इतर महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवरून उचललेले प्राध्यापकांचे पत्ते विभागाला कोणी दिलेलेच नाहीत, त्यामुळे ती यादी पुसून टाका. एफडीपीच्या (प्राध्यापकांसाठीच्या प्रशिक्षण कार्यक्रमांच्या) निमंत्रणांनी ज्यांची इनबॉक्स भरून वाहते आहे, त्या प्राध्यापकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तुमच्या एफडीपीची माहिती बाहेरच्या प्राध्यापकांपर्यंत पोहोचवायची असेल, तर त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना किंवा संबंधित विभागप्रमुखांना एक औपचारिक पत्र पाठवा. पुढे द्यायचं की नाही हे ते ठरवतील.

वैयक्तिक खात्यांतल्या याद्यांबद्दल आग्रहाने सांगतो: त्या विभागाच्या अधिकृत खात्यात हलवा आणि मूळ प्रती पुसा. प्राध्यापक निवृत्त होतात, बदलून जातात, दुसऱ्या संस्थेत रुजू होतात. हजारो विद्यार्थ्यांचे पत्ते त्यांच्याबरोबर जाता कामा नयेत.

तिसरी पायरी: कायदा कुठवर येतो?

भारतात केवळ नकोशा ईमेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८चे नियम आणि १९०९ या क्रमांकावरची 'जाहिराती नकोत' ही नोंदणी फोन कॉल आणि एसएमएसपुरती आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात त्रास देणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता, पण श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५मध्ये ते कलमच रद्द केलं. त्यामुळे बरीच वर्षं 'आपल्याला कोण विचारतंय' अशी धारणा राहिली.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ने हे चित्र बदललं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. हा कायदा ईमेल वाईट की चांगला हे पाहत नाही. तो पाहतो की पत्ता कोणत्या कारणासाठी घेतला आणि कोणत्या कारणासाठी वापरला. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कारणापुरती, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. कारण संपलं की माहिती पुसायची, हेही त्यातच आहे. कायदा लागू होण्याआधी घेतलेल्या संमतीवर यादी चालवत असाल, तर त्या लोकांनाही शक्य तितक्या लवकर रीतसर नोटीस द्यावी लागते. ही नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी एका बाबीकडे जास्त लक्ष द्यायला हवं. या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक ठरते. आपल्याकडे अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असतं, त्यामुळे अकरावी-बारावीचे विद्यार्थी याच याद्यांत असतात. प्रथम वर्षाला येणाऱ्यांतही काही जणांना अठरा पूर्ण झालेली नसतात. बालकांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करायला मनाई आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामांसाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे. 'बारावीनंतर काय? आमच्या विभागात या' हा ईमेल त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. जाहिरातीच्या यादीत जन्मतारखेवरून गाळणी लावा आणि १८ वर्षांखालचे पत्ते बाहेर ठेवा.

माजी विद्यार्थ्यांची यादी असेल तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, युरोप हेही आलंच, कारण आपल्या अभियांत्रिकी आणि रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थांचे माजी विद्यार्थी तिथे मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी संमती लागत नाही, पण खरा पाठवणारा, दिशाभूल न करणारा विषय, टपालाचा पत्ता आणि बाहेर पडण्याची वाट लागते. 'नको' म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत नाव काढावं लागतं. ना-नफा संस्था म्हणून सरसकट सूट नाही. कॅनडाचा कायदा जुलै २०१४पासून लागू आहे आणि तो आधी संमती मागतो. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण नियमावलीत थेट विपणनाला आक्षेप घेतला की ते थांबवावंच लागतं, तिथे कारणं सांगायला जागा नाही. देशागणिक वेगळी यादी ठेवणं कोणत्याही विभागाला झेपणार नाही. सगळ्यांसाठी सगळ्यात कडक नियम पाळा. तेच स्वस्तही पडतं.

चौथी पायरी: संमती मागायची कशी?

प्रवेश अर्जाच्या तळाशी 'मी विद्यापीठाचे सर्व ईमेल स्वीकारण्यास तयार आहे' अशी ओळ टाकून सही घेणं ही संमती नाही. प्रवेश हवा असलेला मुलगा तिथे 'नाही' म्हणूच शकत नाही. जाहिरातीची संमती वेगळ्या रकान्यात, आधीपासून टिक न केलेल्या चौकटीत मागा. मजकूर असा ठेवता येईल:

'मला या विभागाचे नवे अभ्यासक्रम, कार्यशाळा आणि कार्यक्रम यांची माहिती ईमेलने हवी आहे. महिन्यातून दोनपेक्षा जास्त ईमेल येणार नाहीत. माझा पत्ता दुसऱ्या विभागाला किंवा संस्थेला दिला जाणार नाही. मी संमती दिली नाही तरी माझा प्रवेश, परीक्षा, गुण किंवा कोणतीही सुविधा यांवर परिणाम होणार नाही. ही संमती मी केव्हाही मागे घेऊ शकेन.'

महिन्याला दोन हा आकडा तुम्ही बदला, पण आकडा लिहाच. आकडा नसला की ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या घाईत रोज एक ईमेल जायला लागतो. आणि कोणी, कधी, कोणत्या मजकुराला होकार दिला याची नोंद ठेवा. वाद झाला तर संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी विभागावर येते.

यादी सुरुवातीला खूप लहान होईल. चार हजारांच्या यादीवरून चारशेवर आलात तर घाबरू नका. उरलेल्यांना तुमचा कोर्स नकोच होता, फक्त आजवर तसं सांगायची सोय नव्हती.

पाचवी पायरी: धोरणाचा मजकूर

हे परिपत्रक कुलसचिवांच्या सहीने निघालं आणि व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवलं गेलं तर त्याला वजन येतं. एकट्या संगणक केंद्राने काढलेल्या सूचनेला विभागप्रमुख जुमानत नाहीत, हे वास्तव आहे. मजकूर दोन पानांपेक्षा मोठा करू नका. गाभ्याची कलमं अशी:

१. विद्यापीठातील सर्व विद्यार्थ्यांना अथवा सर्व कर्मचाऱ्यांना एकत्रित ईमेल पाठवण्याचा अधिकार कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आणि त्यांनी लेखी प्राधिकृत केलेले अधिकारी यांनाच राहील.

२. विभागास स्वतःच्या चालू विद्यार्थ्यांना शैक्षणिक सूचना पाठवण्यासाठी पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही.

३. अभ्यासक्रम, कार्यशाळा, प्रकाशने, देणग्या व सशुल्क सेवा यांच्या प्रसाराचा ईमेल केवळ संमती दिलेल्या व्यक्तींनाच पाठवावा.

४. प्रवेश व परीक्षेसाठी संकलित केलेले ईमेल पत्ते अन्य विभाग, महाविद्यालय, प्रायोजक अथवा खासगी संस्था यांना देण्यात येऊ नयेत.

५. प्रसाराचा ईमेल विद्यापीठाच्या अधिकृत प्रणालीवरूनच पाठवावा. वैयक्तिक खात्याचा वापर करू नये.

६. या नियमांचे उल्लंघन झाल्यास विभागाची सामूहिक ईमेलची सुविधा स्थगित करण्यात येईल. शैक्षणिक सूचना त्या काळात संगणक केंद्रामार्फत पाठवल्या जातील.

सहाव्या कलमाचं दुसरं वाक्य विसरू नका. शिक्षा विभागाला व्हावी, त्याच्या विद्यार्थ्यांना नाही. अतिवृष्टीमुळे परीक्षा पुढे ढकलणं, आवारातली आग, पाण्याचा प्रश्न अशा तातडीच्या सूचनांना परवानगीची साखळी लागू नये, हेही स्पष्ट लिहा. जुलैतल्या मुंबईच्या पावसात सहीसाठी थांबायला वेळ नसतो.

सामूहिक ईमेलला मान्यता देणारी व्यक्ती एकच असावी आणि तिने दोन कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं. उत्तर येतच नसेल तर लोक पळवाट शोधतात.

सहावी पायरी: तंत्राची बाजू

ही संगणक केंद्राची जबाबदारी, पण विभागप्रमुखांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जीमेल आणि आउटलुकसाठी विद्यापीठाचे विभाग वेगवेगळे नसतात. त्यांना दिसतो तो विद्यापीठाचा डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग. फेब्रुवारी २०२४पासून वैयक्तिक जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना गुगलने वेगळे नियम लावले, आणि ही बेरीज मुख्य डोमेनवर होते. सकाळी परीक्षा विभागाने चार हजार पाठवले, दुपारी एका विभागाने कोर्सचे दीड हजार पाठवले, की मर्यादा ओलांडली. एकदा 'मोठा प्रेषक' ठरलात की तो शिक्का आपोआप पुसला जात नाही.

या नियमांनुसार एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी नीट असाव्या लागतात. प्रसाराच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय ईमेलच्या शीर्षनोंदीतच (हेडरमध्ये) लागते आणि विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. 'स्पॅम' म्हणून कळवण्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवावं आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नये, असं गुगल सांगतं. हजारात तीन. दोन हजार मुलांना कोर्सची जाहिरात गेली आणि सहा जणांनी वैतागून ते बटण दाबलं, की उद्या परीक्षा विभागाचा ईमेल स्पॅममध्ये पडण्याची वाट तयार होते. गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये हा आकडा दिसतो. संगणक केंद्राने तो दर आठवड्याला पाहावा. प्रसारासाठी वेगळा उपडोमेन ठेवला तर सूचनांच्या ईमेलचं नाव काही अंशी तरी सुरक्षित राहतं.

पैसे नसलेल्या विभागासाठी गुगल ग्रुप पुरेसा आहे. फक्त चार गोष्टी तपासा. पोस्ट करण्याचा अधिकार व्यवस्थापकांनाच हवा, नाहीतर एका उत्तराला शंभर उत्तरं येतात. सदस्यांची यादी सदस्यांना दिसता कामा नये. उत्तर सगळ्यांना न जाता विभागाच्या पत्त्यावर जावं. आणि लोकांना थेट जोडू नका, निमंत्रण पाठवा, म्हणजे सामील व्हायचं की नाही हे तेच ठरवतील.

सातवी पायरी: ईमेल लिहिताना

पोस्टरची जेपीजी चिकटवून 'कृपया जोडपत्र पाहावे' असं लिहिणं बंद करा. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही, साध्या फोनवर ते नीट उघडत नाही, आणि कुलगुरूंपासून सहसमन्वयकांपर्यंतच्या फोटोंमध्ये शुल्क किती हे सापडत नाही. मजकूर अक्षरांत लिहा. पहिल्या तीन ओळींत कोर्सचं नाव, कोणासाठी, शुल्क, शेवटची तारीख. प्रमाणपत्र आणि श्रेयांक मिळणार असतील तर किती. खाली विभागाचा पूर्ण टपाल पत्ता, जबाबदार व्यक्तीचं पद, आणि बाहेर पडण्याचा दुवा. विषयात 'महत्त्वाचे', 'तातडीचे', 'अनिवार्य' हे शब्द जाहिरातीसाठी वापरू नका. ते परीक्षा विभागासाठी राखून ठेवा.

आठवण एकदाच पाठवा. मुदतवाढ खरोखर झाली तरच 'मुदतवाढ' म्हणा. कोणी ईमेल उघडला हे पाहणारी यंत्रणा शक्यतो बंदच ठेवा. किती जणांनी नोंदणी केली हा आकडा तुम्हाला पुरेसा आहे.

आठवी पायरी: 'नको' म्हणणाऱ्यांची यादी

ज्यांनी नकार दिला त्यांचे पत्ते फक्त मूळ यादीतून काढून भागत नाही. पुढच्या वर्षी नवा समन्वयक जुनी एक्सेल फाइल उघडतो आणि तीच नावं परत आत येतात. म्हणून नकाराची वेगळी यादी ठेवा आणि पाठवण्याआधी प्रत्येक वेळी त्या यादीशी ताडून पाहा. या यादीत पत्ता आणि तारीख एवढंच असावं. बाहेर पडताना लॉगिन, कारण, प्रवेश क्रमांक असं काही मागू नका. एखाद्याने साध्या उत्तरात 'नको' असं लिहिलं तरी ते पुरेसं धरा.

चूक झाली, आणि तक्रार आली तर

सगळे पत्ते बीसीसीऐवजी सीसीमध्ये गेले, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले, ही नेहमीची चूक. पाठवलेला ईमेल परत बोलावण्याच्या नादात दुसरा, तिसरा सामूहिक ईमेल पाठवू नका. त्याच दिवशी कुलसचिव कार्यालयाला आणि संगणक केंद्राला कळवा. २०२३च्या कायद्यातल्या मुख्य तरतुदी लागू झाल्यावर, माहिती अशी फुटली तर संबंधित व्यक्तींना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावं लागेल आणि मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. ती सवय आत्ताच लावून घ्या. ज्यांचे पत्ते उघड झाले त्यांना एकेकट्याला जाणारा, साध्या शब्दांतला माफीचा ईमेल द्या: काय झालं, कोणती माहिती दिसली, पुढे काय केलं.

एकट्या विद्यार्थ्याची तक्रार आली तर उत्तर असं द्या: 'नमस्कार. आपला पत्ता आमच्याकडे अमुक कार्यशाळेच्या नोंदणीतून आला होता. तो आज प्रसाराच्या यादीतून काढला आहे. परीक्षा आणि शिष्यवृत्तीच्या सूचना मात्र आपल्याला येत राहतील. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.' यातलं दुसरं वाक्य कधीही गाळू नका. पत्ता कुठून आला याचं उत्तर विभागाला देता येत नसेल, तर त्या एका विद्यार्थ्याचं नाव काढून थांबू नका. ती यादी त्याच दिवशी पूर्ण बंद करा, कारण तिच्यातल्या उरलेल्या पत्त्यांबद्दलही विभागाकडे उत्तर नाही.